स्वस्त तिकिटाची अंधश्रद्धा

मे महिन्यात सहकुटुंब परदेशी जायचे ठरले, की कर्त्या माणसाच्या अंगात ज्योतिषी संचारतो. तिकीट मंगळवारी काढावे, मध्यरात्रीनंतर काढावे, ब्राउझर इनकॉग्निटो करून काढावे, असे मुहूर्त सांगणारे तर गल्लोगल्ली आहेत. विमान कंपनीचा हिशेब मात्र वाराला भुलत नाही. इकॉनॉमीतल्या सगळ्या आसनांना एकच भाव नसतो. ती अनेक भाववर्गांत वाटलेली असतात आणि खालचा वर्ग संपला की वरचा उघडतो. सर्वांत स्वस्त वर्गात दोनच जागा उरलेल्या असताना चौघांचे तिकीट एकत्र मागितले, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचा दर लागतो. म्हणून आधी एकट्याचा दर पाहावा, मग चौघांचा, आणि तफावत दिसली तर तिकिटे दोन-दोनची काढावीत, हा सल्ला खरोखर उपयोगी आहे. त्यात जोखीमही आहे: उड्डाण रद्द झाले तर आईबाप एका विमानात आणि पोरे दुसऱ्यात, अशी वाटणी व्हायची. पण अशा युक्तीने वाचतो तो दोन भाववर्गांमधला फरक. मे आणि जुलै यांच्या भाड्यांतला फरक तिने बुजत नाही.

अमेरिकेने 1978 साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवले आणि त्यानंतर ही भावपद्धत फोफावली. तिचे गृहीतक सरळ होते: कामासाठी निघालेल्याला तारीख बदलता येत नाही, त्याच्याकडून जास्त घ्या, हौसेने हिंडणाऱ्याला सवड असते, त्याला स्वस्त देऊन रिकामी आसने भरा. शाळकरी मुलांचे आईबाप निघतात हौसेने. पण निकाल लागल्यानंतर आणि शाळा उघडण्यापूर्वी परतायचे असल्याने ते कंपनीच्या लेखी अडलेले हरीच ठरतात. शिवाय एकट्या प्रवाशाला जी महागाई एकदा सोसावी लागते, ती इथे चारदा. तेव्हा प्रश्न ग्राहकाच्या हुशारीचा नाही. एकाच वेळी किती लोकांना सुटी मिळते आणि त्यांच्यासाठी किती आसने असतात, याचा आहे. यातले दुसरे गणित बरेचसे सरकार मांडते. भारत आणि दुबई यांच्यातल्या आठवड्याच्या आसनांची मर्यादा, दोन्हीकडच्या कंपन्यांना प्रत्येकी सुमारे 66 हजार, 2014 साली ठरली आणि मागणी वाढूनही वर्षानुवर्षे तिथेच ठेवली गेली. आखाती कंपन्या आपले प्रवासी स्वतःच्या तळावरून युरोप-अमेरिकेला नेतात, तेव्हा देशी कंपन्यांना थेट उड्डाणे उभी करायला अवधी हवा, हा युक्तिवाद रास्त आहे. फक्त त्या अवधीचे बिल प्रवाशाच्या नावे फाटते, हेही मान्य करावे.

परदेशी सहल ही चैन आहे, तिच्या महागाईचे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. चैन खरीच, पण दुबईच्या त्याच विमानात पोराबाळांना सुटीत बापाकडे नेणारी आई असते आणि तिलाही तोच दर पडतो. गर्दीच्या महिन्यांतल्या कमाईवरच कंपन्या ओसाड महिने काढतात, हा दुसरा आक्षेपही खोटा नाही. म्हणून भाड्याला सरकारी कमाल मर्यादा घालणे हा उपाय नव्हे. त्याने आसने वाढत नाहीत. उपाय गर्दी पांगवण्याचा आहे. जर्मनीतली राज्ये उन्हाळी सुट्या आपसांत ठरवून पुढेमागे घेतात. नेदरलँड्सने त्यासाठी देशाचे तीन विभाग पाडले आहेत. आपल्याकडे हे जमणार नाही म्हणावे, तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतातच. मे महिन्याचे ऊन पुढे ढकलता येत नाही, हे कबूल. पण दिवाळीची सुटी विभागवार आठवडाभर मागेपुढे सरकवायला कोणत्या सूर्याची हरकत आहे? लक्ष्मीपूजनाचे चार दिवस सर्वांना सारखे ठेवूनही ते जमेल. त्यासाठी शिक्षण खात्याला एक परिपत्रक काढावे लागेल, आणि परिपत्रक काढण्यात ते खाते कुणाला हार जात नाही.