कागदाचा पूल

आमच्या घरीं गेल्या महिन्यांत दोन पाटांमध्यें एक पूल उभा राहिला. बांधणारी आमची पुतणी. साहित्य पाठकोऱ्या कागदांच्या गुंडाळलेल्या नळ्या आणि खळ. शाळेंत त्यावर वजन टांगणार, आणि स्वतःच्या भाराच्या मानानें जो अधिक पेलेल तो पूल चांगला, असा नियम होता. "मग आधीं घरींच मोडून पहा," असें आम्हीं म्हटलें, तों तिच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. चार रात्री जागून केलेला पूल! "मोडल्यावर गुण कोण देणार, काका?"

शेवटीं ती तयार झाली. पुलाला डबा टांगून त्यांत मुठीमुठीनें गहूं ओतले. वजनें एकदम ठेवलीं असतां हिसका बसतो व पूल नेमका किती भारास गेला हें कळत नाहीं. धान्यानें तें कळतें. आमची अटकळ होती कीं, पूल मध्यें तुटेल. मध्य शाबूत राहिला. टोंकाजवळची लांब तिरपी नळी बाहेर वांकली आणि तिच्यामागून सारें खालीं आलें. कागद ओढीस चिवट, पण दाबाखालीं चुरडण्यापूर्वींच तो बाजूला वांकतो. ऑयलर या गणितज्ञानें अठराव्या शतकांतच दाखविलें होतें कीं, सडपातळ खांबाची लांबी दुप्पट केली तर त्याची भार सोसण्याची शक्ति चौथाईवर येते. पुतणीनें त्या नळीस मध्यावर आडवा आधार दिला आणि मध्यभागीं फुकट घातलेल्या नळ्या काढून टाकल्या. शिवाय एक गंमत तिला सांपडली : दोन कागद नुसते एकावर एक ठेविले तर ताठपणा दुप्पट होतो, तेच खळीनें एकजीव चिकटविले तर जवळजवळ आठपट. दुसरा पूल पहिल्याहून हलका झाला, आणि डबा भरला तरी उभा राहिला.

आपल्या नाशकांत हा प्रकार नवा नाहीं. १९५९ सालीं स्थापन झालेली 'मेरी' ही संस्था बहुतेकांस बसचा थांबा म्हणूनच ठाऊक. परंतु तेथें सांडव्यांच्या लहान प्रतिकृति करून त्यांवरून पाणी सोडून पाहतात, कारण खरें धरण मोडून पाहतां येत नाहीं.

२ ऑगस्ट २०१६ रोजीं गोदेस मोठा पूर आला होता, हें वाचकांस स्मरत असेल. त्याच रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानींतला दगडी पूल वाहून गेला, व त्याबरोबर दोन एस्. टी. गाड्या. पुराचें पाणी पुलास वरून दाबीत नाहीं. बाजूनें रेटतें आणि पायाखालची माती नेतें. हें आम्हीं पुतणीस सांगितलें मात्र, तिनें टेबलावरचा पंखा पुलासमोर लावला. डबाभर गहूं पेलणारा पूल पाटावरून सरकून खालीं पडला!

टोंकें पाटास कशीं जखडावीं या विचारांत ती सध्यां आहे. गहूं अद्याप तिच्याच खोलींत असून स्वयंपाकघरांतून डब्याची मागणी दोनदां आली आहे.