भवितव्य नसलेला धंदा

निवृत्त बँक अधिकाऱ्यानं काय करावं याबद्दल आपल्या समाजात काही ठाम कल्पना आहेत. सकाळी टेकडीवर फिरायला जावं, सोसायटीचं खजिनदारपद स्वीकारावं, भाच्या-पुतण्यांना मुदत ठेवींबद्दल न विचारता सल्ला द्यावा. मी कादंबऱ्या लिहितो, हा एक अपराध आधीपासूनच माझ्या नावावर होता. त्यामुळे गेल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर ॲल्युमिनियमचा पत्रा, ड्रिल मशीन आणि सोल्डरिंग आयर्न मांडून मी गिटारचा ॲम्प्लिफायर बनवायला बसलो, तेव्हा घरात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. "आता जेवायचं कुठे?" एवढंच पत्नीनं विचारलं.

निमित्त नातीचं. ती सोळा वर्षांची आहे आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवते. तिचा छोटा तयार ॲम्प्लिफायर एके दिवशी बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं, तर आत एकच हिरवी पट्टी. "पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, आणि तो मिळत नाही," असं सांगून त्यानं स्क्रू पुन्हा आवळले. घरी येताना ती म्हणाली, "आबा, उघडून दुरुस्त करता येईल असं काही मिळतच नाही का रे आता?"

माझ्या लहानपणी तसं सगळंच मिळायचं. आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. खटका फिरवला तरी तो लगेच बोलत नसे. आतल्या काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड येई, तापलेल्या धुळीचा वास येई, आणि मग कुठे आवाज उमटे. बिघडला की गल्लीतला मेकॅनिक मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढी आणि सगळा संसार दिसे. १९४७ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या काही दशकांत रेडिओ, टीव्ही, संगणक यांतून हे व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. म्हणून मी ठरवलं, नातीला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरीच बनवून द्यायचा.

तिला तो 'दोन चॅनेलचा' हवा होता. ही भानगड काय, ते मला तिच्याकडूनच शिकावं लागलं. एका चॅनेलवर आवाज स्वच्छ; तार वाजली तशीच, फक्त मोठी. दुसऱ्यावर तोच आवाज फाटलेला, गुरगुरणारा, लांबत जाणारा. पायाखालचा खटका दाबून गाण्याच्या मध्यातच एकातून दुसऱ्यात जायचं. आत जे घडतं ते बँकेतल्या माणसालाही कळण्यासारखं आहे. गिटारच्या तारांखालचं चुंबकीय पिकअप व्होल्टचा लहानसा अंश देतं. ईसीसी ८३ नावाचा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या एका काचेत दोन स्वतंत्र विभाग असतात आणि प्रत्येक विभाग आलेला इशारा पन्नास-साठ पट मोठा करू शकतो. स्वच्छ चॅनेलमध्ये असे दोनच टप्पे, आणि मध्ये आवाज आवरायची सोय. दुसऱ्यात चार टप्पे एकापुढे एक. मग पुढच्या खात्यात मावणार नाही इतका भरणा मागचा करू लागतो, आणि ध्वनिलहरींचे माथे सपाट होतात. व्हॉल्व्हमध्ये ते एकदम छाटले जात नाहीत, हळूहळू दबतात. त्या दबण्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात, आणि कानाला खरखरीत असूनही गोड लागतात.

गंमत म्हणजे हा मुळात दोष. आवाज फाटू नये म्हणून इंजिनियर रात्रंदिवस खपत होते, आणि वाजवणारे मुद्दाम तो फाडत होते. इंग्लंडच्या 'द किंक्स' या बँडच्या डेव्ह डेव्हिसनं तर १९६४ साली आपल्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडनं चिरला होता. माझ्या नातीनं स्पीकरला ब्लेड लावण्यापेक्षा मी दुसरं चॅनेल बनवणं बरं, असा व्यवहारी विचार मी केला.

आराखडा पुस्तकांवरून जमवला. चार ईसीसी ८३, आणि शेवटी स्पीकर हलवायला दोन ईएल ८४. साधारण पंधरा वॅट. हा आकडा लहान वाटतो, पण फ्लॅटमध्ये पंधरा वॅट पूर्ण सोडले तर शेजारी दार वाजवतील. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. त्यांचे न वापरलेले, खोक्यातले दोन ईएल ८४ मला पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका जुन्या दुकानात मिळाले. ईसीसी ८३ मात्र नवे, स्लोव्हाकियात बनलेले घेतले.

अडलं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. व्हॉल्व्हना तीनशेच्या वर व्होल्ट लागतात आणि स्पीकरला लागतात थोडे व्होल्ट पण भरपूर करंट. दोघांचा व्यवहार जुळवून देणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो तयार मिळेना. विचारत विचारत बुधवार पेठेतल्या एका बोळात पोचलो. सहा बाय आठचं दुकान, सत्तरी ओलांडलेले मिस्त्री, आणि समोर हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन. त्याला वेढे मोजणारा आकडेवाला काटा.

मी माझा कागद पुढे केला. व्हॉल्व्हचे फिलामेंट तापवायला ६.३ व्होल्ट; प्रत्येक ईएल ८४ ला ०.७६ आणि प्रत्येक ईसीसी ८३ ला ०.३ ॲम्पिअर, एकूण २.७२. "तीन ॲम्पिअरचं वाइंडिंग पुरेल," मी म्हणालो. कागदाकडे न बघताच ते म्हणाले, "चार घ्या साहेब. हिशेबात बसतं ते पेटीत बसलं की तापतं." मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार किती जाड, थर कसे एकाआड एक घ्यायचे, ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या कशा बसवायच्या, हे त्यांनी बोटांवर सांगितलं. बोलता बोलता विचारलं, "साहेब कुठे होता नोकरीला?"

"बँकेत."

ते हसले. "बँकेनं आम्हाला कधी दारात उभं केलं नाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला १९८७ सालचं एक टेबल आठवलं.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी फील्ड ऑफिसर होतो, वय अठ्ठावीस. तिशीतला एक रेडिओ मेकॅनिक अर्ज घेऊन आला. बारा हजार रुपये हवे होते. वाइंडिंग मशीन आणि तांब्याची तार घ्यायला. त्याच्याकडे जामीन नव्हता, जागा भाड्याची, शिक्षण नववी. त्यानं पिशवीतून स्वतः गुंडाळलेला एक ट्रान्सफॉर्मर काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हे बघा साहेब, माझं काम." मी त्याला हातही लावला नाही. त्यातलं मला काय कळत होतं? त्याऐवजी मला जे कळत होतं ते मी केलं. अर्जावर शेरा मारला: 'सदर व्यवसायास भवितव्य दिसत नाही. शिफारस नाही.'

त्याच वर्षी आम्ही फ्रीज घेतला आणि त्याबरोबर व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती वर्षं स्टॅबिलायझरची होती. ज्याच्या घरी टीव्ही, फ्रीज, त्याच्या घरी तो लोखंडी डबा, आणि प्रत्येक डब्यात एक ट्रान्सफॉर्मर. ज्याला भवितव्य नाही असं मी लिहिलं, ते पुढची कितीतरी वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात घुमत होतं. दोन गोष्टींचा संबंध जोडायला मला इतकी वर्षं लागली. त्या माणसाचं पुढे काय झालं, याची चौकशी मी कधी केली नाही.

ॲम्प्लिफायरच्या नादानं मी लिओ फेंडर या माणसाबद्दल वाचलं. १९०९ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला हा गृहस्थ शिकला होता हिशेबनीशी. मंदीच्या काळात नोकरी गेली. १९३८ साली त्यानं सहाशे डॉलर उसने घेऊन फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला आलेल्या वाद्यवृंदवाल्यांचे ॲम्प्लिफायर उघडता उघडता तो स्वतः ते बनवू लागला, मग गिटारही. १९५४ सालची त्याची स्ट्रॅटोकास्टर आज जगभर गळ्यात असते. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याच्या 'बासमन' या ॲम्प्लिफायरच्या आराखड्यावरून लंडनमध्ये ड्रम्सचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल आणि त्याच्या माणसांनी १९६२ च्या सुमारास आपला ॲम्प्लिफायर बनवला, आणि रॉक संगीताचा आवाज बदलला. हे सगळं सहाशे डॉलरांनी झालं असं मी म्हणणार नाही. पण ते सहाशे डॉलर देणाऱ्यानं 'रेडिओ दुरुस्तीला भवितव्य काय?' असा शेरा मारला नाही, एवढं खरं.

असो. आठ दिवसांनी ट्रान्सफॉर्मर आले आणि महिनाभरानं जोडणी संपली. पहिल्यांदा चालू करताना जुन्या मेकॅनिकांची रीत पाळली: शंभर वॅटचा साधा दिवा सिरीजमध्ये लावायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि पुढचा अनर्थ टळतो. दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला. हायसं वाटलं. दिवा काढून थेट जोडणी केली. व्हॉल्व्ह तापले, आणि दहा-पंधरा सेकंदांत स्पीकरमधून असा भेसूर आक्रोश सुरू झाला की पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली.

बंद केला. सगळ्या जोडण्या तीनदा तपासल्या, नकाशाप्रमाणे बरोबर. पुन्हा चालू, पुन्हा तोच आक्रोश. शेवटी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "चालू करा आणि फोन स्पीकरपाशी धरा." दोन सेकंद ऐकलं. "बंद करा. ट्रान्सफॉर्मरच्या दोन पॉवर व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वायरी आहेत ना, त्यांची अदलाबदल करा."

झालं होतं असं: स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचा थोडा भाग मागे आणून आधीच्या टप्प्याला आवर घालतात. तो लगाम असतो. ट्रान्सफॉर्मरची टोकं उलटी लागली की लगामाचा चाबूक होतो आणि यंत्र स्वतःलाच पळवत सुटतं. मी दोन वायरी बदलल्या. शांतता. मग नातीनं तार छेडली.

(इथे एक इशारा दिलाच पाहिजे. अशा यंत्रातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्ट धरून बसतात. ते रिकामे केल्याशिवाय आत हात घालणं जिवावर बेतू शकतं. जाणकार शेजारी नसेल तर हा छंद करू नये.)

फोनवर दोन सेकंदांत रोग ओळखणारं हे ज्ञान कुठल्या रकान्यात मांडायचं? ते पुस्तकात नाही असं नाही. पुस्तक माझ्याजवळही होतं. पण ते त्यांच्या कानात आणि बोटांत होतं. मिस्त्रींचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. शिकायला कुणी येत नाही. २०२३ साली सरकारनं विश्वकर्मा योजना काढली, हस्तकारागिरांना तारणाशिवाय कर्ज देणारी. चांगली योजना आहे. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत. वाइंडिंग करणारा नाही. कारागीर म्हटला की आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचाच आठवतो.

बँकेची बाजू मी जाणतो. पैसा ठेवीदारांचा असतो, तो हळहळीपोटी वाटता येत नाही. काही धंदे खरोखरच संपतात. आजचे डिजिटल ॲम्प्लिफायर स्वस्त आहेत, हलके आहेत, आणि डोळे मिटून ऐकलं तर फरक सांगणं मलाही कठीण जाईल. माझी तक्रार नकाराबद्दल नाही, नकाराच्या रीतीबद्दल आहे. टेबलावर ठेवलेलं काम मी पाहिलं नाही, ज्याला ते कळतं अशा कुणाला विचारलं नाही, आणि तरीही भविष्य वर्तवलं. ही सवय बँकेपुरती नाही. मुलगा 'हातकाम' करणार म्हटलं की आपल्या घरांत पडतो तो चेहरा, शंभर रुपयांच्या दुरुस्तीला केलेली घासाघीस, हेही शेरेच आहेत. मग बोर्ड मिळत नाही म्हणून वस्तू फेकायची वेळ आली, की आपण कंपनीला दोष देतो.

ॲम्प्लिफायरला एकतीस हजारांच्या आसपास खर्च आला. एवढ्यात तयार मिळाला असता, हे घरातल्या सगळ्यांनी मला वेगवेगळं सांगून झालं आहे. पेटीत बसवल्यावर मी आणि नात तो रिक्षात घालून मिस्त्रींच्या बोळात घेऊन गेलो. तिनं आधी स्वच्छ चॅनेल वाजवलं, मग खटका दाबून दुसरं. बोळात पोरं जमली. मिस्त्री मान खाली घालून आपलं मशीन फिरवत राहिले. दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर उठले, पेटीच्या मागून हात घातला आणि ट्रान्सफॉर्मरवर तळवा टेकवून थोडा वेळ उभे राहिले.

"तापत नाही," ते म्हणाले, आणि दारातल्या गिऱ्हाइकाकडे वळले.