आजीच्या नावची साखर

परवा महिला मंडळात इंदिराबाईंच्या काळातल्या टंचाईचा विषय निघाला. एकजण म्हणाल्या, "अहो, त्या समाजवादानंच आपल्याला चोऱ्या शिकवल्या. ज्याला त्याला कार्ड, ज्याला त्याला परवाना. माणूस करणार काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही.

'समाजवादी' हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं उद्देशिकेत आला. आमच्या बेळगावच्या घरात मात्र रेशनची साखर त्याच्या आधीपासून येत होती, आणि वारलेल्या आजीच्या नावावरही येत होती. नाव कमी करायला कचेरीत कोण खेटे घालणार, हे उत्तर ठरलेलं. दशलक्षणात उत्तम सत्यावरचं प्रवचन ऐकून यायचं आणि त्याच साखरेचा चहा प्यायचा!

पाठशाळेत अचौर्याचे पाच अतिचार आपण घोकलेत ना? खोटं माप, भेसळ, चोरीचा माल घेणं, राज्याचा नियम मोडणं. हे चार रेशनच्या दुकानात रोज घडत. दुकानदार दांडी मारी, गव्हात खडे निघत, रॉकेल रात्री मागच्या दारानं जाई. राहिला पाचवा, चोराला उत्तेजन देणं. तो आम्हा बायकांकडे. "दोन लिटर बाजूला ठेवा हं, भाऊ," हे कोण म्हणत होतं? आणि भाऊ आपल्याच समाजाचे, हेही सांगून टाकते.

सगळे कायदे शहाणे होते असं मी म्हणत नाही. १९६३ साली सरकारनं चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली, सोनारांची घरं बसली. तेव्हा कुणी चोरून बावीस कॅरटचं मंगळसूत्र करून घेतलं असेल, तर तिला मी चोर म्हणणार नाही. तिनं कुणाच्या ताटातलं उचललं नव्हतं. साखरेचं तसं नाही हो. पोती मोजून यायची.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. पिशवी भरून वळले, तर मागे रांगेत आमच्याकडे भांडी घासणारी बाई. दुकानदार तिला म्हणाला, "संपली. पुढच्या महिन्यात बघू." आजी गेली त्या दिवशी चूल-पाणी हिनंच सांभाळलं होतं. ती रागावली नाही. माझ्या पिशवीकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "थोरल्या आईंचीबी मिळाली न्हवं?"

मी मान हलवली आणि घरी आले.