चालता संगणक भंगारात का घालायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. मोफत दुरुस्त्या थांबल्यापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यात संगणकाच्या दुकानात गेलं की एकच वाक्य कानावर येतं, "भाऊ, हे मशीन गेलं आता, नवीन घ्या लागते." हे वाक्य धादांत खोटं आहे, आणि बोलणाऱ्याला ते माहीत असतं. मला संताप येतो तो त्याचाच.

मशीनला काहीही झालेलं नसतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ती पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. त्याआधी घेतलेला संगणक कितीही ठणठणीत असो, कंपनीच्या यादीत तो बसत नाही. सातबारा काढणं, महाडीबीटीचा अर्ज, मुलीचा अभ्यास ही सगळी कामं तो काल करत होता आणि आजही करतो. पण वाढीव मुदत नसेल तर नव्याने सापडणारी भगदाडं बुजवायला आता कोणी नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करत राहणं धोक्याचं आहे, हे खरंच. या धोक्यावर फुकटचा इलाज असताना सोयाबीन विकून आलेले तीस-पस्तीस हजार नव्या डब्यात घालायला सांगणं ही सरळ लूट आहे.

नवा संगणक परवडत नाही म्हटलं की दुकानदार दुसरी वाट दाखवतो. चार-पाचशे रुपये घ्यायचे, अटी डावलून विंडोज ११ बसवायचं, वर परवाना चुकवणारा 'क्रॅक' मारायचा आणि क्रॅक चालावा म्हणून अँटीव्हायरसच बंद करायचा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा व्यवहार ओळखीचा आहे. चोरबीटीचं, म्हणजे बेकायदा कपाशी बियाण्याचं, पाकीट असंच मिळतं, पावती नाही, उगवलं नाही तर दाद मागायला दार नाही. बियाण्याच्या बाबतीत आपण निदान बोंब तरी मारतो. संगणकाच्या बाबतीत सुशिक्षित घरंसुद्धा चोरीचा माल निमूटपणे आत घेतात.

इलाज आहे लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी बसणारी मोफत प्रणाली. त्यातली एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मी हे एकच नाव देतो, कारण नवख्याला वीस नावं सांगणाऱ्या लिनक्सवाल्या हौशी मंडळींनीही भरपूर नुकसान केलं आहे. पुसदच्या एखाद्या निवृत्त शिक्षकांनी साधा प्रश्न विचारावा आणि यांनी आर्च श्रेष्ठ की फेडोरा यावर भांडत बसावं! त्या शिक्षकांना पेन्शनचा कागद छापायचा असतो. ते वैतागून पुन्हा क्रॅकवाल्याकडे जातात, आणि त्याचा दोष या पंडितांकडे जातो.

मिंट २००६ पासून चालू आहे आणि उबंटूच्या पायावर उभं आहे. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, खिडक्या ओळखीच्या, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीच बसवलेलं. २ जीबी रॅमवर ते चालतं, ४ जीबी असेल तर उत्तम. २०२४ मध्ये आलेल्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्ट निवडायचा, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या 'बॉस' या लिनक्स प्रणालीबद्दल मला आदर आहे. पण अडलेल्या माणसाला रात्री दहा वाजता उत्तर मिळायला हवं, आणि ते मिंट-उबंटूवाल्यांच्या गोतावळ्यात फार लवकर मिळतं.

बसवण्याआधी फाइलींची प्रत दुसरीकडे काढा आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा. प्रिंटर तर नक्कीच. एचपीचे बहुतेक प्रिंटर मुकाट चालतात, पण झेरॉक्सच्या दुकानापासून घरापर्यंत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर फार छळतो. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने त्या संगणकावर विंडोजच ठेवावं, रीतसर परवान्याचं. कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. या अडचणी लपवणारा लिनक्सवालाही मला दुकानदाराइतकाच अप्रामाणिक वाटतो.

पण मूळ दुखणं दुकानात नाही. २००१ पासून या राज्याने एमएस-सीआयटीच्या वर्गांत लाखो लोकांना संगणक म्हणून विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवलं, आणि सरकारी नोकरीसाठी ते किंवा तत्सम प्रमाणपत्र मागितलं. फी भरून आपण एका कंपनीची सवय विकत घेतली. त्याच २००१ साली केरळने शाळांसाठी आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू केला, पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरवर नेला, आणि आज तिथली सरकारी शाळेतली पोरं लिनक्सवर शिकून दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच देतात. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. केरळच्या पोरांना जमतं ते घाटंजी-झरीच्या पोरांना जमणार नाही, असं मानणाऱ्या अधिकाऱ्याने तसं लेखी द्यावं.

जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत विंडोज १० चे संगणक आहेत, तिथे ते निर्लेखित करून नवी खरेदी करण्याचे प्रस्ताव येतील. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसून आधी एकच गोष्ट मागावी. त्यातला एक संगणक पेनड्राइव्हवरून मिंटवर सुरू करून दाखवा, मगच खरेदीचं बोला.