पुरात बुडालेला रेडिओ आणि भाच्याची गिटार

सदर : हातची विद्या



भंडाऱ्याहून पूल ओलांडला की वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर कारधा लागते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तो या भागातले लोक विसरलेले नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचे घर तिथेच. धान्य, कपडे, पोरांची पुस्तके, सगळे पाण्यात गेले. त्याबरोबर आमच्या वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओही गेला. नागपूर आकाशवाणी ऐकायला संध्याकाळी त्याच्याभोवती निम्मी वस्ती बसायची. पूर ओसरल्यावर बहिणीने तो धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवला. भंगारात द्यायला मात्र तिचा हात धजला नाही.

तिचा मुलगा विहारातल्या भीमगीतांच्या चमूत गिटार वाजवतो. परवाच्या हिवाळ्यात तो मला म्हणाला, "मामाजी, आजोबांच्या रेडिओतून गिटारचा अँप्लिफायर होते काय जी?"

मी म्हटले, "होतो. पण सगळा रेडिओ कामी येणार नाही. आणि एक अट आहे. मी सांगतो म्हणून काहीही खरे धरायचे नाही. मीटर लावून बघायचे, मगच हात लावायचा."

बहीण आतून म्हणाली, "दादा, पोराच्या जीवाशी खेळ नको करू. त्याच्यात किती करंट राहते, मले मालूम आहे." तिची भीती खोटी नव्हती. म्हणूनच आजचे सदर या विषयावर लिहितो आहे.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. काचेच्या बल्बातली हवा काढून टाकतात. आत एक तापणारी तार, तिच्याभोवती कॅथोड आणि त्याच्या बाहेर प्लेट असते. कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन विद्युतदाब असलेल्या प्लेटकडे धावतात. १९०४ साली फ्लेमिंग यांनी असा दोन भागांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ साली ली द फॉरेस्ट यांनी त्यात मधे एक जाळी घातली, तिला ग्रिड म्हणतात. धानाच्या बांधीत पाणी सोडणाऱ्या पाटाचे दार बोटभर वर-खाली केले की पाण्याचा लोट कमी-जास्त होतो. ग्रिड हे तसेच दार आहे. गिटारच्या तारेतून आलेला अगदी दुबळा संकेत ग्रिडवर पडतो आणि प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर नाचवतो. यालाच आवाज वाढवणे म्हणतात. यात चमत्कार नाही, मंत्र नाही.

आमचा अँप्लिफायर अगदी लहान. १९५० च्या दशकात अमेरिकेत फेंडर कंपनीचा 'चँप' नावाचा छोटा अँप्लिफायर होता, त्याच धाटणीचा. पहिला व्हॉल्व्ह ईसीसी ८३, तो गिटारचा संकेत दोनदा वाढवतो. दुसरा ईएल ८४, तो स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. दोन्ही मिळून पाचेक वॅट. एवढा आवाज विहाराच्या खोलीला पुरतो, जयंतीच्या मिरवणुकीला मात्र पुरणार नाही.

रेडिओ उघडला तेव्हा आत गाळाचा थर होता. ईएल ८४ चा व्हॉल्व्ह मात्र शाबूत निघाला, कारण तो काचेत बंद. त्याची परीक्षा सोपी आहे. काचेच्या आतल्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. आमचा डाग चकचकीत होता. पिना घासून साफ केल्या, आतली तार तुटलेली नाही हे मीटरवर पाहिले. ईसीसी ८३ विकत आणला. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये हे व्हॉल्व्ह अजून बनतात, म्हणून मिळतात.

बाकीचे मात्र बाजूला काढले. पुराचे पाणी प्याललेला ट्रान्सफॉर्मर बाहेरून कोरडा दिसतो, पण तारांच्या थरांमधला कागद कुजलेला असतो. तो आज चालेल आणि उद्या जळेल, किंवा चालता चालता पेटीत विजेचा दाब सोडेल. जुने कंडेन्सरही बाद. भाचा हळहळला, "आजोबांचाच ट्रान्सफॉर्मर लावू ना जी." मी म्हटले, "आजोबांची आठवण पेटीत ठेवू, त्यांचा कुजलेला कागद नको."

इथे वाचकांना एक सावधगिरी सांगतो. व्हॉल्व्हच्या नावाचे पहिले अक्षर नीट वाचा. 'ई' असेल तर त्याची तार ६.३ व्होल्टवर तापते. 'यू' असेल तर अनेक व्हॉल्व्हच्या तारा एकामागे एक जोडलेल्या असतात, आणि अशा पुष्कळ रेडिओंत वेगळे करणारा ट्रान्सफॉर्मरच नसतो. घरातली वीज थेट लोखंडी सांगाड्यावर येऊ शकते. असा सांगाडा गिटारला कधीही जोडू नये. गिटारच्या तारा सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारांवर असतात.

नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला १९० व्होल्ट आणि व्हॉल्व्ह तापवायला ६.३ व्होल्ट. १९० व्होल्टची वीज चार डायोडांतून एकदिशा केली आणि ४७ मायक्रोफॅरडच्या, ४५० व्होल्ट सोसणाऱ्या कंडेन्सरमध्ये साठवली की २५० व्होल्टच्या पुढे जाते. स्पीकरसाठी दुसरा ट्रान्सफॉर्मर, ५ हजार ओहमचा ८ ओहम करणारा. आठ इंची स्पीकर नवा घेतला, कारण जुन्याचा कागद पुरात विरघळला होता. लोखंडी पत्र्याचा सांगाडा, तीन पिनांची वायर, आत येताच फ्यूज, आणि अर्थिंगची हिरवी तार सांगाड्याला बोल्टने आवळलेली. पेटी जुन्या दाराच्या फळ्यांची.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह न लावता नुसता वीजपुरवठा तपासला. जुने मेकॅनिक करतात तसा ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावला होता. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि सामान वाचते. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे ठीक. बटण बंद केले, पिन काढली, चहा घेतला, गप्पा झाल्या. तासाभराने भाचा पक्कड घेऊन आत हात घालू लागला. मी त्याचे मनगट धरले.

"पिन तं केव्हाचीच काढली जी, मामाजी."

"मीटर लाव."

त्याने मीटर लावला. काटा २१० व्होल्टवर! पोराचा चेहरा उतरला. दारात उभी असलेली बहीण काही बोलली नाही, पण तिने उंबरठा घट्ट धरला होता.

वाचकहो, कंडेन्सर हा विजेचा हौद आहे. वरचा नळ बंद केला म्हणून हौद रिकामा होत नाही. व्हॉल्व्ह लावलेले आणि तापलेले असते तर त्यांनी तो बराचसा रिकामा केला असता. इथे पाणी काढणारे कोणीच नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही कंडेन्सरच्या दोन टोकांना २२० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा जोडला. आता बंद केल्यावर मिनिटभरात दाब उतरतो. तरीही नियम तोच. मिनिटभर थांबायचे, मीटरने पाहायचे, मग हात घालायचा. तो रेझिस्टन्स तरी निसटला नसेल कशावरून?

त्या रात्री मी भाच्याला केसपुत्त गावच्या कालामांची गोष्ट सांगितली. निरनिराळे गुरू येऊन निरनिराळे सांगतात, खरे कोणाचे मानावे, असे त्यांनी तथागतांना विचारले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा, असा उपदेश बुद्धांनी केला. वंदनेच्या वेळी आपण तो मान डोलावून ऐकतो. विजेच्या कामात तो न पाळल्यास जीव जातो. "पिन काढली आहे" ही समजूत होती, "२१० व्होल्ट आहे" हे सत्य होते. दोहोंच्या मधे मीटरच्या दोन तारा होत्या.

मग व्हॉल्व्ह लावले. ईएल ८४ च्या कॅथोडखाली १५० ओहमचा रेझिस्टन्स आहे. त्यावर साडेसात व्होल्ट दिसले. साडेसातला दीडशेने भागा, ५० मिलिअँपिअर आले. म्हणजे व्हॉल्व्ह त्याला झेपेल तेवढेच काम करत होता. दहावीत शिकलेला ओहमचा नियम पोराला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगाचा वाटला. सुरुवातीला स्पीकरमधून घूं असा आवाज येत होता. ६.३ व्होल्टच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन कोपऱ्यातून नेल्या, तो बराच कमी झाला. आणखी एक लक्षात ठेवा. असा अँप्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये, आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पेटीत केलेली अर्थिंग मंडपात नसेल तर ती व्यर्थ आहे. १९७२ साली वेल्समधल्या स्वॉन्सी शहरात लेस हार्वे नावाचा तरुण गिटारवादक रंगमंचावर मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. मायक्रोफोनची अर्थिंग नीट नव्हती. आपल्याकडे जयंतीच्या मंडपात खांबावरून ओढलेली वायर, ओली जमीन आणि दोन पिनांचा बोर्ड हे दृश्य नवे नाही. गायकाच्या ओठाशी माइक आणि वादकाच्या हातात गिटार असते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती आहे, हारतुऱ्यांतले थोडे पैसे वाचवा. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवा.

कोणी म्हणेल, बाजारात तयार ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर मिळतो, मग हा खटाटोप कशाला? खरे आहे. हा स्वस्त पडत नाही, जड असतो, तापतो. पण जोरात वाजवला की त्याचा आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू भरदार आणि खरखरीत होत जातो. तो आवाज जगाला कोणी ऐकवला? १९४३ साली मडी वॉटर्स नावाचा काळा शेतमजूर मिसिसिपी सोडून शिकागोला आला. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार धरली. गोऱ्यांच्या शेतावर राबलेल्या माणसांचे दुःख व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधून जगभर गेले. त्याच काळ्या बांधवांच्या लढ्याची विचारपूस करणारे पत्र बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना लिहिले होते. आपल्या जलशांनी १९३० च्या दशकात हेच काम डफ-ढोलकीवर, माइकशिवाय, उघड्या गळ्याने केले.

आणि वीज! १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. विजेचे खाते त्यांच्याकडेच होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योग वाढल्याशिवाय या देशातला गरीब दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असे त्यांनी १९४३ साली मांडले. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच खात्याने उभे केले. विजेचा असा विचार करणाऱ्याची लेकरे आपण. तिच्यापुढे घाबरून बसणे आपल्याला शोभत नाही आणि तिच्याशी बेफिकिरीने वागणेही शोभत नाही. त्यांच्या मंत्रातला पहिला शब्द 'शिका' हाच आहे.

ज्या मुला-मुलींना हे काम करावेसे वाटते त्यांनी एकदम व्हॉल्व्हला हात घालू नये. आधी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी लहान सर्किटे करावीत. डाग देणे, मीटर वाचणे आणि नकाशा समजणे अंगवळणी पडले की जाणत्या माणसाला शेजारी बसवून पुढे जावे. एकट्याने, ओल्या हाताने किंवा अनवाणी हे काम कधीही करू नये. चालू यंत्रात तपासताना एक हात खिशात ठेवावा.

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला विहारात तो अँप्लिफायर वाजला. फळ्यांच्या पेटीवर आजोबांच्या रेडिओची काचेची पट्टी बसवली आहे. तिच्यावरची स्टेशनांची नावे पुराच्या पाण्यानेही गेलेली नाहीत. गाणे संपल्यावर पुष्कळांनी पोराची पाठ थोपटली. बहीण लांब बसून ऐकत होती.

परवा कारध्याला गेलो तर पोरगा पेटी उघडून काहीतरी करत होता. मी काही बोलणार, तेवढ्यात चुलीपासून बहिणीचा आवाज आला, "पहिले मीटर लावून पाह्यला काय रे?"

मी चप्पल काढून निवांत बसलो. आता त्या घरात माझी गरज उरली नव्हती.

जयभीम!