हिशेबी माणसाला मज्जाव

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारू मिळत नाही आणि जुगार चालत नाही. हे वाक्य वाचून ज्यांना हसू फुटलं, त्यांच्याशीच मला बोलायचं आहे. ज्यांनी गंभीरपणे मान डोलावली त्यांनी सेवाग्रामला बापूकुटी पाहावी आणि मिळेल त्या गाडीनं सुखरूप घरी जावं.

जुगार चालत नाही म्हणूनच तर पोळ्याच्या आठवड्यात पोलिसांच्या प्रेसनोटा निघतात. मजकूर वर्षानुवर्षं तोच. गोपनीय माहितीवरून धाड टाकली असता काही इसम ताशपत्त्यांवर पैशाची बाजी लावून हारजीतचा जुगार खेळताना मिळून आले. रोख, मोबाईल, दुचाक्या आणि 52 ताशपत्ते असा मुद्देमाल जप्त. पत्ते 52 भरले हे दरवेळी नेमानं लिहिलेलं असतं. जिल्ह्यात पत्ते मोजणारा अधिकृत माणूस एवढाच.

आता कायद्याची मौज बघा. 1968 साली आंध्रच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. का? तर पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. तीनपत्ती मात्र निव्वळ नशीब. म्हणजे डोकं चालवलं तर खेळ, नाही चालवलं तर जुगार. तत्त्व सोपं आहे आणि आपण ते किती मनावर घेतलं ते 2025 च्या जुलैत दिसलं. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. असेल बुवा. पण त्यांचं खातं बदललं, आणि मिळालं कोणतं? क्रीडा. रमी हा कौशल्याचा खेळ आहे हे सरकारनं याहून स्वच्छ शब्दांत कसं सांगावं?

तर डोकं चालवणं हे पुण्यकर्म, असं धरून एखादा हुशार पोट्टा वर्ध्याहून गोव्याला जातो. महाराष्ट्रात त्याची सोय नाही. आपण 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो एक दिवसही लागू केला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. गोव्याचा कायदाही 1976 चाच, पण त्यांनी 1992 आणि 1996 मध्ये त्यात दुरुस्त्या करून दारं उघडली. पंचतारांकित हॉटेलात यंत्रं, आणि पत्त्यांचं टेबल हवं तर ते किनाऱ्यापासून दूर, जहाजावर. दूर म्हणजे किती? पणजीच्या रस्त्यावरून पाट्या वाचता येतील इतकं. जहाजं मांडवी नदीत नांगर टाकून बसली आहेत, सरकार त्यांना हलवण्याचं वचन देतं आणि मग मुदतवाढ देतं. फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना तिथं खेळायला बंदी आहे. स्वतःची लेकरं बुडू नयेत ही माया. आपली बुडाली तर पर्यटन.

जहाजावर ब्लॅकजॅक असतो. 21 च्या जवळ जायचं, ओलांडायचं नाही. यात एक गोम आहे: वापरलेली पानं बाजूला पडतात आणि उरलेल्यांचं गणित बदलत जातं. दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त उरले असतील तर फायदा खेळणाऱ्याचा, बारकी पानं जास्त असतील तर मालकाचा. म्हणून मोजायचं. 2 ते 6 मधलं पान पडलं की एक मिळवा. दहा, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का पडला की एक वजा. 7, 8, 9 सोडून द्या. आलेल्या आकड्याला उरलेल्या कॅटांच्या संख्येनं भागा. झालं. अमेरिकेतल्या एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञानं आयबीएमच्या संगणकावर हिशेब करून 1962 मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा जग हादरलं होतं; आज चौथीतला पोरगा हे करील. न चुकता खेळणाऱ्यावर मालकाची आघाडी साधारण अर्ध्या टक्क्याची असते. मोजणारा ती उलटवून स्वतःकडे जेमतेम एक टक्का ओढतो. शंभराला एक रुपया! एवढ्याशा रुपयासाठी कॅसिनोच्या छताला कॅमेरे आणि टेबलामागे डोळे वटारलेला साहेब.

कारण नुसतं मोजून पैसा मिळत नाही. पानं बाजूनं असली की मोठी रक्कम लावायची, विरोधात असली की छोटी, तेव्हा कुठं तो रुपया हाती येतो. आणि तिथंच गडी सापडतो. मघापासून पाचशे-पाचशे लावणारा माणूस अचानक पाच हजार सरकवतो, नेमक्या एक्के उरलेल्या क्षणी! साहेब येतो, अदबीनं सांगतो: सर, तुम्ही दुसरं काहीही खेळा, ब्लॅकजॅक नको. भिंतीवर मात्र ‘जबाबदारीनं खेळा’ हा उपदेश. अख्ख्या जहाजात जबाबदारीनं खेळणारा एकटा तोच, आणि त्यालाच उठवतात.

मग यावर एक अख्खं नाट्यशास्त्र रचलं गेलं. रक्कम फक्त जिंकल्यावर वाढवावी, म्हणजे बेटा मस्तीत आलाय असं वाटतं. एकदम उडी मारू नये, जिंकलेलं तसंच पुढं ढकलावं. पत्ते पिसले की रक्कम लगेच खाली आणू नये. चिप्सच्या नीट चळती लावू नयेत, बेफिकिरीनं लोटाव्यात. अधूनमधून हिशेबानं चूक करावी. डीलरला बक्षिसी द्यावी, तिरुपतीचं नाव घ्यावं, ग्लास हातात धरावा आणि पिऊ नये. इयन अँडरसन या टोपणनावानं एकानं 1976 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. टोपणनाव, कारण सोंग शिकवणाऱ्यालाही सोंग लागतंच.

वर्धेकराची इथं खरी कसोटी लागते. पिऊन न प्यायल्यासारखं चालणं ही आमची परंपरागत विद्या; 1974 पासूनची दारूबंदी आहे, पिढ्या तयार झाल्यात. मांडवीवर उलटं करायचं: न पिता प्यायल्यासारखं बोलायचं. गणितात पैकीच्या पैकी घेतलेला माणूस रात्रभर मठ्ठ दिसण्याची मेहनत घेतो आणि सकाळी स्वतःला प्रज्ञावंत समजतो. राजेहो, एवढं कष्टसाध्य बावळटपण आपल्या जिल्हा परिषदेत फुकट मिळतं.

कॅसिनोवाल्यांची अक्कल तरी काय वर्णावी! थॉर्पचं पुस्तक खपू लागलं तशी लास वेगासच्या मालकांची झोप उडाली. 1 एप्रिल 1964 ला (तारीख मी निवडलेली नाही) त्यांनी खेळाचे नियम आवळले. गिऱ्हाईक फिरकेना. काही आठवड्यांत नियम गुपचूप पूर्ववत. मग प्रकाश पडला की पुस्तक वाचून येणाऱ्यांत मोजता येणारे मूठभर आणि मोजता येतं असं वाटणारे हजार. थॉर्पनं कॅसिनोला धंदाच आणून दिला होता. पुढे केन उस्टन नावाचा खेळाडू कोर्टात भांडला आणि 1982 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नुसतं मोजतो म्हणून अटलांटिक सिटीत कुणाला हाकलता येणार नाही. बरं, म्हणाले मालक. कॅट वाढवले, पत्ते लवकर पिसायला लागले. न्याय कोर्टानं दिला, तो टेबलावर परत घेतला.

आणि हे सगळं म्हणे गोऱ्या साहेबांनी शोधलं! वर्धा नदीच्या अलीकडे आमचा आर्वी तालुका, पलीकडे कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर म्हणून लोक पाया पडतात, पण विदर्भाची ती जुनी राजधानी दमयंतीचंही माहेर. तिकडेच निघाला होता अयोध्येचा ऋतुपर्ण, दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराच्या बातमीवर भाळून. सारथी कोण? द्यूतात राज्य घालवलेला, रूप पालटलेला, खुद्द तिचा नवरा नळ. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णानं एक नजर टाकली आणि सांगितलं: दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2095 फळं. नळानं रथ थांबवला. म्हणाला, मोजून बघतो. राजा घायकुतीला आलेला, मुहूर्त टळतोय, आणि सारथी झाड तोडून फळं मोजत बसलाय! हिशेब जुळला. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात त्यानं राजाकडून फाशांची विद्या घेतली. जुन्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत, हे लक्षात घेतलं की महाभारताच्या वनपर्वातली ही गोष्ट नुसती गोष्ट राहत नाही.

मुद्दा पुढचा आहे. विद्या मिळाल्यावर नळानं सोंग टाकलं. आधी लहान, मग मोठं, मध्ये एक मुद्दाम चूक, असलं काही नाही. ज्यानं राज्य जिंकून घेतलं होतं त्या पुष्करासमोर बसून एकाच डावाला सगळं लावलं आणि सगळं जिंकलं. पुष्करानं ‘सर, दुसरं काहीतरी खेळा’ म्हटलं नाही. कसं म्हणेल? नळ एक रथ, 16 हत्ती, 50 घोडे आणि 600 पायदळ घेऊन आला होता.

तुमच्याकडे पायदळ नसेल तर सोंगाचं पुस्तक घेण्याआधी एवढं वाचा. कॅसिनोवर 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. वर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर. तुमच्या आयुष्यभराच्या गणिताची आघाडी एक टक्का. आणि हरलेल्या डावांची वजावट आयकर खातं देत नाही.