माळावरचा गरुड वर्गात येऊ द्या

बीड जिल्ह्यातल्या शाळांत गरुडाचे नाव घेतले जात नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. दहावीच्या निरोप समारंभात, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन शिबिरात, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत ते सतत घेतले जाते, आणि त्यासोबत एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. गरुड म्हणे सत्तर वर्षे जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नखे बोथट होतात, पिसे जड होतात. मग तो कड्यावर जाऊन खडकावर आपटून चोच तोडतो, नव्या चोचीने नखे आणि पिसे उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा होऊन आणखी तीस वर्षे जगतो. ही गोष्ट पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत खोटी आहे. चोच आणि नखे आपल्या नखांसारख्याच केराटिनची असतात, ती जन्मभर वाढत आणि झिजत राहतात. पिसे थोडी थोडी गळून नवी येतात, म्हणजे उडणे कधीच थांबत नाही. चोच तुटलेला गरुड पाच महिने तर सोडाच, काही आठवडेही उपाशी तग धरणार नाही. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे निसर्गात नोंदले गेलेले सर्वाधिक वय ३८ वर्षे आहे. यावर काही शिक्षक म्हणतात, गोष्ट खोटी असली तरी तात्पर्य चांगले आहे ना? मला हे मान्य नाही. विज्ञानाचा तास ज्या इमारतीत भरतो, तिथेच सजीवाबद्दल धादांत असत्य शिकवायचे आणि त्याला प्रेरणा म्हणायचे, हा मुलांवर अन्याय आहे. शिवाय प्राण्यांचे खरे वागणे कोणी समजावून सांगितले नाही, तर ती जागा अशाच कहाण्या घेतात. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छतांवर नेत होती. पाहता पाहता त्याची ‘सूडकथा’ झाली, अडीचशे पिल्ले मारल्याचा आकडा जगभर फिरला. प्रत्यक्षात वन विभागाने दोन वानरे पकडून नेली. खऱ्या माहितीचा दुष्काळ पडला की अफवेचे पीक असे जोमाने येते.

माझे म्हणणे साधे आहे. बीडच्या मुलांना बोधकथेतला गरुड पुरे झाला; त्यांच्या गावच्या माळावर उडणारे खरे शिकारी पक्षी त्यांना शिकवले पाहिजेत: ते काय खातात, कशाने मरतात, त्यांना वाचवण्यात मुलांचा वाटा कोणता. यावर पहिला आक्षेप असा येतो की, या कोरड्या जिल्ह्यात गरुड आहेतच कुठे? ते सह्याद्रीत, ताडोबात. हा आक्षेप वर न पाहणाऱ्यांचा आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतली उघडी माळराने आणि बालाघाटाचे खडकाळ उतार ही शिकारी पक्ष्यांना हवी तशीच भूमी आहे. विजेच्या तारेवर बसलेली, पांढरी, लाल डोळ्यांची कापशी शेतावर एकाच जागी पंख फडफडवत थांबते आणि उंदरावर पडते. ती दिसायला दुर्बीण लागत नाही. सापमार गरुड हवेत थबकून खालचा साप हेरतो. मोरघार कड्याकपारींत घरटे करते. गावात शिरून सरडे आणि चिमण्या टिपणारा शिक्रा, ओढ्याच्या दरडीत दिवसभर बसून राहणारे शृंगी घुबड, चिंचेच्या ढोलीतला पिंगळा ही सगळी याच मुलखाची वस्ती. आणि थंडीत येतात ते भोवत्या पक्षी, थेट कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून. ते जमिनीलगत, गवताच्या शेंड्यांवरून संथ उडत नाकतोडे, सरडे, उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर उतरतात. १९९४ साली जाहीर झालेल्या नायगाव मयूर अभयारण्याला मोराचे नाव आहे, पण सुमारे तीस चौरस किलोमीटरचे ते क्षेत्र काही एकट्या मोराचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक आदराने ऐकण्याजोगा आहे. आपल्या संस्कृतीत गरुड हे विष्णूचे वाहन, जटायू हा सीतेसाठी प्राण देणारा. ज्या जिल्ह्यात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, तिथे पक्ष्यांवर प्रेम करायला वेगळे काय शिकवायचे? ही श्रद्धा खरी आहे आणि शिक्षणाने तिचा हात धरावा, सोडू नये. पण श्रद्धा एकटी पुरली नाही, याचा पुरावा जटायूच्या कुळानेच दिला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदला जटायूचे तीर्थ म्हणून भाविक जात राहिले, रामकथा रंगत राहिल्या, आणि त्याच काळात देशातली गिधाडे संपत होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही अवस्था जवळपास तशीच. कोणी त्यांना मारले नव्हते. गाई-म्हशींच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई, त्याचे मूत्रपिंड निकामी होई आणि पक्षी काही दिवसांत मरे. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. शंभरातल्या एका मृत जनावरात औषध असले तरी एवढा संहार व्हायला पुरेसे होते, कारण एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध आहे. जटायूला वंदन करणाऱ्या घरातच हे ठाऊक नव्हते की गोठ्यातल्या सुईत त्याचे मरण आहे. ही माहिती कीर्तनात आली तर फारच उत्तम, पण शाळेत तर आलीच पाहिजे.

सर्वांत वजनदार आक्षेप पोटाचा आहे. जिथे पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते, दुष्काळात जनावरे छावणीत न्यावी लागतात, शेतकरी आत्महत्यांनी घरे उद्ध्वस्त होतात, तिथे घारी-गरुडांचे कौतुक कुणाला परवडते? हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग मी समजू शकतो. पण शिकारी पक्षी हा सुखवस्तूंचा छंद आहे, हे त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावल्याचा अंदाज मांडला आहे. मेलेली जनावरे उघड्यावर सडली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोका वाढला. याचा फटका कुणाला बसतो? गावाबाहेर, ओढ्याकाठी, पालावर राहणाऱ्याला. दुष्काळात ज्याची जनावरे मरतात, त्याच्याच वस्तीजवळ ती सडतात. उंदरांचेही तसेच. ज्वारी, सोयाबीन, हरभऱ्याच्या शेतात गव्हाणी घुबड आणि कापशी रोज जे काम करतात, त्याचे बिल शेतकऱ्याला येत नाही. पण त्याच शेतात ब्रोमॅडिओलोनसारखे विष ठेवले, की विष खाऊन मंदावलेला उंदीर पक्ष्याच्या तावडीत आधी सापडतो आणि आपला उंदीरमार आपणच मारतो. शिक्रा कोंबडीचे पिल्लू उचलतो, घारही उचलते. हे लपवायचे कारण नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत डालीखाली किंवा जाळीखाली ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तोही धड्यात असावा. गरीब जिल्ह्याला निसर्गाची फुकट चाकरी गमावणे श्रीमंत जिल्ह्यापेक्षा जास्त महाग पडते.

पर्यावरणशिक्षणासाठी बीडमध्ये काहीच झालेले नाही असे मात्र नाही, आणि त्याची नोंद घेतली पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवणला, सह्याद्री देवराईच्या माळावर वृक्षसंमेलन भरले. २०१९ पर्यंतच्या सरकारी मोहिमांत शाळेतल्या मुलांनीही खड्डे खणले, रोपे लावली. त्यामुळे काहींना वाटते की झाडे लावली म्हणजे पक्षी आलेच. इथे मला मित्रांशी मतभेद नोंदवावा लागतो. देशी झाडांचे मोल मी कमी मानत नाही. पण भोवत्या, सापमार गरुड आणि त्यांचे खाद्य गवताळ, मोकळ्या जमिनीचे आहे. जो माळ आपण पडीक म्हणून हिणवतो, तो त्यांचा भरलेला कणगा आहे. प्रत्येक उघडी जागा ही रोपांची वाट पाहते, असे मुलाच्या मनावर बिंबवले, तर आपण एका परिसंस्थेला दुसरीच्या नावाने पुसून टाकतो. माळावरच्या पवनचक्क्यांचे तसेच. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी पठारावर मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते आणि जमिनीवरच्या सरड्यांची संख्या वाढली होती. बीडच्याही माळांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. वीज हवीच आहे. वाऱ्याची वीज कोळशापेक्षा बरी, हेही खरे. पण नवे पाते कुठे बसवावे, घरट्याच्या कड्यापासून किती दूर असावे, हे ग्रामसभेत विचारणारे नागरिक हवे असतील तर ते आज पाचवीत बसलेले आहेत.

मुलांना शिकवून काय होणार, निर्णय तर मोठे घेतात, असाही एक थकलेला सूर असतो. नागालँडमधल्या पांगती गावाकडे पाहा. दोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये जाळी लावून अमूर ससाणे हजारोंनी मारल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ती शिकार थांबली. ग्रामसभा, चर्च, वन विभाग, संस्था सगळ्यांनी जोर लावला. आणि गावच्या मुलांसाठी निसर्गमंडळे काढून ससाण्याचे मित्र तयार करणे हा त्या कामाचा मुख्य भाग होता. बाप जाळे घेऊन निघतो तेव्हा त्याला अडवणारा आवाज घरातला असावा लागतो. आणि काही गोष्टी तर थेट मुलांच्याच हातात आहेत. संक्रांतीला नायलॉनचा मांजा कोण विकत घेते? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी घारी-घुबडांचे पंख चिरले जाण्याचे कारण तोच असतो. गलोल कुणाच्या खिशात असते? घुबड अपशकुनी म्हणून दगड कोण मारते? पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ पासून घुबडांचा उत्सव भरवून शाळकरी मुलांना त्यात आणले, ते याच कारणासाठी.

राहता राहिला शिक्षकांवरच्या ओझ्याचा मुद्दा, आणि ही तक्रार खरी आहे. सर्वेक्षणे, निवडणुका, पोर्टलवरची माहिती यांत शिक्षक पिचलेला आहे. म्हणूनच वेगळा विषय नको, वेगळी परीक्षा तर नकोच. परिसर अभ्यासात अन्नसाखळी आहेच. तिथे सिंह आणि हरणाऐवजी उंदीर, कापशी आणि घुबड येऊ द्या. जुन्या झाडाखाली किंवा पडक्या वाड्यात घुबडाने टाकलेल्या केस-हाडांच्या गोळ्या सापडतात. त्या वाळवून, हातमोजे घालून वर्गात फोडल्या तर मुलांना त्यात उंदरांच्या कवट्या मोजता येतात. कोणत्याही भाषणापेक्षा हा अर्धा तास अधिक शिकवतो. जखमी पक्षी दिसला तर काय करू नये, हेही शिकवायला हवे: त्याला दूध-भाकरी भरवायची नाही, पायाला दोरी बांधायची नाही, उडायला शिकणारे पिल्लू जमिनीवर दिसले तर उगाच उचलायचे नाही, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सोनवणे दांपत्याचे सर्पराज्ञी वन्यजीव पुनर्वसन केंद्र जखमी वन्यजीवांवर उपचार करते. शैक्षणिक सहलीच्या बस दूरच्या वॉटर पार्ककडे वळवण्याआधी शाळांनी अशा जागा आणि नायगावचे अभयारण्य यांचा विचार करावा. आणि ही आखणी करताना बीडचे वेगळेपण विसरून चालणार नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि हजारो मुलांची शाळा सुटते. नेमके त्याच महिन्यांत भोवत्या पक्षी मध्य आशियातून इथे उतरतात. पक्षी आले तेव्हा मूल फडावर आणि मूल परतले तेव्हा पक्षी गेलेले, असे होत राहिले तर हा धडा निम्म्या गावाला कधी दिसणारच नाही. म्हणून जी मुले हंगामी वसतिगृहांत मागे राहतात, त्यांच्यासाठी माळावरचे निरीक्षण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच घ्यावे. जी आईबापांबरोबर कोपीवर जातात, त्यांना जाण्याआधी एक वही द्यावी. ऊस तुटत जातो तसे उंदीर उघड्यावर येतात आणि कापशी, घारी फडावर घिरट्या घालू लागतात. ते या मुलांइतके जवळून कुणालाच दिसत नाही. त्यांनी वहीत काय लिहिले, हे एप्रिलमध्ये वर्गात सर्वांसमोर वाचले जावे, आणि त्या नोंदींना गुणपत्रकात जागा मिळावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने हे यंदाच्या दुसऱ्या सत्रापासून सुरू करावे. त्यासाठी लागतो तो एक परिपत्रकाचा कागद आणि प्रत्येक शाळेला पक्ष्यांच्या चित्रांचा एक तक्ता.